आर्या, खाली ये

पुंजा गावितच्या अंगात आलं होतं. निदान मल्हारीशेठच्या यार्डात तरी सगळ्यांनी तसंच ठरवून टाकलं होतं. क्रेनच्या केबिनमध्ये बसल्या बसल्या या गड्याला बाईचा आवाज ऐकू येतो म्हणे! दिवसभर वेल्डिंगचा धूर, ग्राइंडरचा कर्कश आवाज आणि घामट बाप्ये, यापलीकडे त्या यार्डात काही नाही. तिथं बाई आली कुठून? "डोंगरातली असंल," एकजण म्हणाला. "गावाकडून, पेठवरून, मागं मागं आली असंल त्याच्या." "कसली बाई घेऊन बसला, मोहाची बाटली असंल," दुसऱ्यानं निकाल दिला आणि सगळे दात काढून हसले.

सोमनाथ हसत नव्हता. त्याचं डोकं फिरलं होतं. टाकीच्या झाकणाखाली ज्याचा हात चेचला तो मयूर त्याचा सख्खा मेव्हणा, बायकोचा, म्हणजे निकिताचा, धाकटा भाऊ. सोमनाथनंच त्याला या यार्डात फिटर म्हणून चिकटवला होता. त्यामुळे तो येता-जाता, चहाच्या टपरीवर, रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटला होता, "त्या पुंजाला मी सोडत नसतो. मी थांब म्हणालो होतो. थांब! ह्यानं झाकण सोडलं खाली. आन वर तोंड करून सांगतो, बाई बोलली! अरे, तुझ्या बापानं तरी वायरलेस पाह्यला होता का कधी?"

लोक माना डोलवायचे. माना डोलवायला कोणाचं काय जातं?

यार्ड एकलहऱ्याच्या रस्त्याला. कारखान्यांना लागणाऱ्या मोठाल्या टाक्या, धुराची नळकांडी असलं जड सामान तिथं बनतं, आणि ते उचलायला क्रेन. क्रेन चालवायचा पुंजा आणि खाली उभं राहून त्याला इशारे द्यायचा सोमनाथ. या कामाची एक जुनी बोली आहे, बंदरावरच्या खलाशांकडून आली म्हणतात. "हाबेस" म्हटलं की माल वर घ्यायचा, "आर्या" म्हटलं की खाली सोडायचा. वर-खाली असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर नवखा म्हणून हसतील. ऊन असो, पाऊस असो, क्रेनवाल्याच्या कानावर आर्या पडलं की त्याचा हात आपोआप दांड्यावर जातो. विचार बिचार मधे येत नाही. यायला नकोच असतो.

आता गंमत बघा. सोमनाथला मुलगी झाली, बारसं ठरलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. सोमनाथची बहीण पाळण्यावर वाकली, पोरीच्या कानात कुर्र केलं आणि जाहीर केलं, "आर्या!" बायकांनी टाळ्या पिटल्या. सोमनाथला मात्र यार्डातले लोक दिसायला लागले. उद्या यार्डात कळलं तर? "पोरगी आर्या, मग पोरगं झालं की हाबेस ठेव!" जन्मभर पिच्छा सोडणार नाहीत हे लोक. बहिणीचा मान मोडायची छाती नाही आणि यार्डात सांगायची हिंमत नाही. मग त्यानं मधला रस्ता काढला. यार्डात कोणी विचारलं की म्हणायचं, "आमची छकुली." पोरगी शाळेत जायला लागली तरी यार्डात ती छकुलीच होती. मयूरलाही त्यानं बजावून ठेवलं होतं, यार्डात छकुलीच म्हणायचं आणि घरी यार्डातलं काही काढायचं नाही. आणि बाप घरी कामाच्या गोष्टी काढत नसल्यामुळे निकितालाही पत्ता नव्हता की तिच्या लेकीच्या नावावर लोखंड खाली उतरतं.

पूर्वी इशारे हातानंच चालायचे. पण शेठनं नवी शेड बांधली आणि क्रेन एका बाजूला, कामाची जागा दुसऱ्या बाजूला, अशी गत झाली. पुंजाला केबिनमधून पत्र्याखेरीज काही दिसेना. मग शेठ म्हणाले, "वॉकीटॉकी घेऊन ये नाशकातून. पण ऐक, सरकारी मान्यतेचा नंबर असलेलेच आण. आपल्याकडं कंपन्यांची माणसं येतात, ती बघतात असलं काहीतरी."

मेनरोडच्या मागं एका गल्लीत दुकान होतं. दुकानदार तोंडात तोबरा भरून बसलेला. सोमनाथनं सेट हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्याच्यावर तो नंबर कुठाय, मान्यतेचा?"

"स्टिकर पाहिजे का? मग असं सांगा ना!" दुकानदारानं खण उघडला, स्टिकरांची गुंडाळी काढली, एकेक सोलून सेटांच्या पाठीवर डकवला आणि वरून अंगठा फिरवला. "घ्या. झाली मान्यता."

वायरलेसची वस्तू विकायची तर त्या मॉडेलला सरकारची मान्यता लागते आणि त्या मान्यतेचा क्रमांक वस्तूवर लागतो, हे दुकानदाराला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर खणात गुंडाळी होती. सोमनाथलाही दिसत होतं की हा काय प्रकार चाललाय. पण शेठनं नंबर सांगितला होता आणि नंबर लागला होता. आपल्याला काय करायचंय?

तिथंच फळीवर सशाचे कान लावलेली गुलाबी जोडी दिसली. छोट्या पोरांची. छकुलीचा वाढदिवस जवळ आला होता.

"आतून सेम माल आहे," दुकानदार म्हणाला. "ह्याच पेटीतला. वरचं कवच तेवढं वेगळं. ह्याला लावू का नंबर?"

"पोरीच्या खेळण्याला कशाला नंबर?" सोमनाथ हसला.

घरी त्या सशांनी धमाल उडवून दिली. सोमनाथचं घर यार्डासमोर रस्ता ओलांडून जी बिल्डिंग आहे तिच्यात, वरच्या मजल्यावर. शाळेतून आली की, यार्ड सुटायच्या सुमाराला, पोरगी एक ससा घेऊन गच्चीवर खेळायची आणि दुसरा निकिताच्या ओट्यावर, मसाल्याच्या डब्याशेजारी. पूर्वी जिन्यात उभं राहून घसा फोडावा लागायचा, आता नुसतं बटण दाबलं की झालं. "फार कामाची वस्तू आणलीत," असं निकिता नवऱ्याला म्हणाली. ती असं सहसा म्हणत नाही.

मग तो दिवस आला. टाकीवर झाकण चढवायचं होतं. झाकण क्रेनला लटकलेलं, टाकीच्या कडेपासून वीतभर वर. मयूर शिडीवर उभा राहून भोकावर भोक जुळवत होता. पहारीनं सरकेना म्हणून त्यानं हात घातला. सोमनाथ खाली उभा. पुंजा शेडपलीकडं केबिनमध्ये. त्याला ना टाकी दिसत होती ना मयूर. त्याला होते ते फक्त कान.

सोमनाथनं सेटमध्ये "थांब" म्हटलं आणि सेट कमरेला अडकवला. स्वतःच्या सेटचा आवाज तो कायम बारीक करून ठेवायचा. दिवसभरच्या खरखरीनं त्याचं डोकं उठायचं. मग तोंडाशी हात धरून तो मयूरला ओरडला, "आटप की लवकर!" आणि तेवढ्यात झाकण खाली आलं. फार नाही आलं. लगेच थांबलं, वर गेलं. पण जेवढं आलं तेवढ्यानं मयूरच्या उजव्या हाताची बोटं गेली.

मयूरची ती किंकाळी सोमनाथच्या कानातून जात नव्हती. खोटं कशाला बोला, माणूस झोपेतून उठून बसायचा. आणि उठला की पहिली शिवी पुंजाला.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पुंजाची बायको भागीबाई आली. नागलीच्या भाकरी फडक्यात बांधून आणल्या होत्या, सोबत डब्यात कसलंसं कालवण. बिचारी दाराशीच उभी राहिली. निकितानं तिला पाहिलं मात्र, ती तीरासारखी उठली.

"कशाला आलीस? जिवंत हाय का मेलाय ते बघायला?"

"ताई, माझा नवरा खोटा नाय बोलत. त्याला आवाज आला व्हता. बाईमाणसाचा."

"बाईमाणसाचा!" सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात निकिता ओरडली. "कुठाय गं ती भवानी? आण माझ्यासमोर! झिंज्या उपटून हातात देते तिच्या! माझ्या भावाचा हात गेला, त्याचं अजून लग्न व्हायचंय, आणि तुम्ही बायांच्या गोष्टी सांगता? ऊठसूट दारू ढोसायची आणि लोकांचे हात तोडायचे!" आणि तिनं तो डबा बाहेर भिरकावला. कालवण फरशीवर सांडलं. भागीबाईनं पदरानं फरशी पुसली, डबा उचलला आणि निघून गेली.

सोमनाथ तिथंच होता. त्याला बरंच वाटलं. बायकोनं बरोबर सुनावलं, असं तो मयूरला म्हणाला सुद्धा. मयूर गोळ्यांच्या गुंगीत होता.

पुंजाला शेठनं घरी बसवलं. बुधवारी सुरक्षा खात्याच्या स्नेहल मॅडम चौकशीला यायच्या होत्या. शेठचं गणित सरळ होतं. "मॅडमनी एकदा चूक क्रेनवाल्याची म्हटलं की सुटलो आपण. त्याचं लायसन जाईल, पोलीस केस होईल ती त्याच्यावर होईल. तुझं म्हणणं एकच, सोमनाथ. मी थांब म्हणालो, त्यानं सोडलं."

"खरंच हाय ते, शेठ."

"मग झालं तर. आणि ते सेट घेऊन जा घरी. तेलानं स्टिकर निघालेत त्यांचे. दुकानातून नवे आण, नीट चिकटव. मॅडम सेट उलटून बघतील."

रविवारी दुपारी सोमनाथ घरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला. थिनरनं सेटांच्या पाठी पुसायच्या, नवा स्टिकर सोलायचा, डकवायचा, अंगठा फिरवायचा. दुकानदारानं शिकवलं होतं तस्संच. चालू आहेत का बघावं म्हणून त्यानं एकेक सेट सुरू केला. आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती.

आणि टेबलावरचे सेट खरखरले.

"आर्या, खाली ये गं, दूध निवलंय."

निकिताचा आवाज. भिंतीपलीकडून साधा आला आणि टेबलावरून खरखरत आला, दोन्हीकडून एकदम. सोमनाथच्या हातातला स्टिकर बोटालाच चिकटला. पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. मग सेटमधून पोरगी म्हणाली, "आले गं मम्मी," आणि मग कळलं.

बाईचा आवाज. आर्या. खाली ये.

पुंजा अक्षरन् अक्षर खरं बोलत होता. दारू नाही, अंगात येणं नाही, डोंगर नाही. त्याला सांगितलं आर्या, त्यानं केलं आर्या. ज्या बाईच्या झिंज्या उपटायच्या होत्या ती आत दुधावरची साय काढत होती.

आता दुसरा एखादा असता तर तसाच उठला असता, पायात चपला सरकवल्या असत्या आणि पुंजाच्या खोलीवर जाऊन त्याचे पाय धरले असते. सोमनाथ उठला तो गच्चीवर गेला. पोरीच्या हातातला ससा घेतला, मागचं झाकण उघडून सेल काढले आणि खिशात घातले. "सेल संपलेत," तो म्हणाला.

"चालू आहे पप्पा! आत्ता मम्मी बोलली!"

"संपलेत म्हटलं ना!"

एवढ्या जोरात तो पोरीवर कधी ओरडला नव्हता. ती भोकाड पसरून खाली पळाली. ओट्यावरच्या सशाचेही सेल त्यानं काढले आणि दोन्ही ससे माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे ढकलून दिले.

"अहो, मग नवे आणा ना सेल," निकिता म्हणाली. "पोरगी रडतीये. आणि मला परत जिन्यात बोंबलावं लागणार."

"आणतो," सोमनाथ म्हणाला.

त्यानं स्वतःची समजूत घातली, आणि ती घालायला त्याला फार वेळ लागला नाही. निकिताला कळलं तर ती उभी जळेल. स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या भावाचा हात घालवला, हे कुठल्या बहिणीला सहन होईल? तिच्यासाठी गप्प बसायचं. पोरीसाठी गप्प बसायचं. हे सगळं खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती सोमनाथला चांगली दिसत होती. सेट आणले कोणी? बिननंबरचा माल, वरून खोटा स्टिकर, आणि घरात त्याच पेटीतला ससा, हे सगळं कोणी केलं? पुंजाचं लायसन गेलं तर तो डोंगरात परत जाईल, भात लावील. त्या लोकांना सवय असते. असलं घाण काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

बुधवारी शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. स्नेहल मॅडम आल्या त्या हसल्या नाहीत, चहा घेतला नाही. एका बाजूला शेठ आणि सोमनाथ, समोर मयूर, हाताला भलं मोठं बँडेज. त्याच्याशेजारी निकिता. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "त्या पुंजाच्या तोंडावर बोलायचंय मला," म्हणून ती आली होती. पुंजा एकटाच खांबाजवळ उभा, त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती. भागीबाई पार दाराशी. यार्डातली माणसं काम सोडून मागं जमलेली.

मॅडमनी सेट उचलला आणि आधी पाठच बघितली.

"हे लेबल कधी लावलं?"

"सेटसोबतच आलंय मॅडम," शेठ म्हणाले.

"सेट तेलानं बरबटलाय, कोपरे झिजलेत, आणि लेबल कोरं करकरीत?" त्यांनी मोबाईल काढला, लेबलावरचा क्रमांक टाकला आणि थांबल्या. "नंबर खरा आहे."

शेठनी सुस्कारा सोडला.

"फक्त तो वॉकीटॉकीचा नाही. कंप्युटरच्या बिनवायरच्या माऊसचा आहे. क्रेन माऊसनं चालवता का तुम्ही?"

मागून कोणीतरी हसू दाबलं. शेठचा चेहरा पडला. त्यांनी सोमनाथकडं असं बघितलं की जणू तो माणूस त्यांच्या ओळखीचाच नाही. "मॅडम, खरेदी ह्यानं केली. आम्ही तर मान्यतेचेच सांगितले होते."

"लेबल म्हणजे शोभेची टिकली नाही," मॅडमचा आवाज चढला. "कुठल्या लहरीवर बोलायचं, किती ताकदीनं बोलायचं, हे तपासून मग मान्यता मिळते. ह्या असल्या मालाचं काहीच तपासलेलं नाही. शेजारी कोणाकडं असलंच यंत्र असेल तर त्याचं बोलणं सरळ तुमच्या क्रेनमध्ये शिरणार. आणि त्याखाली माणसं उभी करता तुम्ही!" त्या पुंजाकडं वळल्या. "गावित, तुम्ही म्हणता बाईचा आवाज आला."

"मॅडम, तो पिऊन होता," सोमनाथ पटकन म्हणाला.

ठाऊक असून म्हणाला. शेडभर माणसांसमोर, मेव्हण्याच्या बँडेजसमोर, त्याच्या जिभेला काही काही वाटलं नाही.

"मी तुम्हाला विचारलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "गावित, बोला. पूर्ण सांगा."

पुंजानं सोमनाथकडं एकवार बघितलं. मग मान खाली घातली. "मला कोणी पुरतं बोलूच दिलं नाय, मॅडम. बाई म्हटलं का सगळे हसायचे. पयलं 'आर्या' आलं. शब्द आला का हात चालतो आमचा, तसंच शिकवलेलं हाय. मंग बाकीचं आलं, तवा समजलं का हे आपलं मानूस नाय. मी लगेच वर घेतलं. पन तवर..." त्यानं मयूरच्या हाताकडं बघितलं आणि थांबला.

"बाकीचं म्हणजे काय?"

"जसं आलं तसंच सांगू?"

"तसंच सांगा."

पुंजा लाजला. गडीमाणसानं बाईसारखं बोलायचं म्हणजे अवघडच. पण ते वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, त्यानं ते डोळे मिटून, त्याच चालीवर म्हणून दाखवलं. "आर्या, खाली ये गं. केस विंचरून घे, मामा यायचाय."

निकिता पुंजाच्या तोंडावर बोलायला आली होती. ती उभी राहिली. यार्डातल्या लोकांना वाटलं, आता ही त्याच्यावर धावून जाणार.

"हे मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"काय?" मॅडमनी विचारलं.

"हे माझं बोलणं आहे. त्या दिवशी पोरीच्या शाळेला सुट्टी होती, ती सकाळपासूनच गच्चीवर, आणि मयूर आमच्याकडं येणार होता. मी पोरीला गच्चीवरून बोलवत होते, तिच्या त्या खेळण्यातून. आर्या, खाली ये. मामा यायचाय." तिनं मयूरकडं बोट केलं. "हा. हा मामा."

"आर्या कोण?"

"माझी मुलगी."

मागं कुजबूज उठली. "सोम्या, तुझी तर छकुली ना रे?" असं एकजण भाबडेपणानं बोलून गेला. पण निकिताचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं सगळं जोडलं होतं, पायरी पायरीनं, शेवटच्या पायरीपर्यंत. ती नवऱ्याकडं वळली.

"सेल संपले नव्हते," ती म्हणाली.

बायकोसाठी गप्प बसलो, असं म्हणायचं सोमनाथनं मनात तयार करून ठेवलं होतं. पण आत्ताच, सगळ्यांच्या देखत, तो पुंजाला दारुडा म्हणाला होता, आणि ते काही बायकोसाठी नव्हतं.

निकिता शेड ओलांडून दाराशी गेली. भागीबाई मागं सरकली, तिला वाटलं ही आता मारते. निकितानं केसांचा चाप काढून खाली टाकला, केस मोकळे केले आणि भागीबाईच्या पायाशी फरशीवर बसली.

"उपट," ती म्हणाली. "मीच ती. मी म्हटलं होतं ना, झिंज्या उपटीन म्हणून? आता तू उपट. तुझा डबा मी भिरकावला, आणि तू माझी फरशी पुसून तो उचलून नेलास. उपट गं बाई, उगी बघत उभी राहू नको!" आणि ती ढसाढसा रडायला लागली.

भागीबाईनं तिच्या केसांना हात लावला नाही. वाकून तिनं चाप उचलला आणि निकिताच्या मुठीत कोंबला. माया वगैरे काही नव्हती त्यात, चेहरा दगडासारखा होता. "तुला ठावं नव्हतं," ती म्हणाली. मग तिनं सोमनाथकडं बघितलं. "त्याला व्हतं."

मयूरनं बँडेजचा हात मांडीवर नीट ठेवला.

"दाजी, कधीपासून ठाऊक होतं?"

"रविवारपासून."

"रविवारी तुम्ही दवाखान्यात आला होता. संध्याकाळी. माझ्यापाशी बसून पुंजाला शिव्या घालत होता."

मॅडम सगळे सेट एका पिशवीत भरत होत्या. त्यांनी पुंजाला जवळ बोलावलं आणि कोणीतरी घाईघाईनं त्याच्यासाठी खुर्ची सरकवली. पुंजा बसला नाही. "आजवर उभाच हाय मी," म्हणाला, आणि बायकोला घेऊन निघून गेला. कामावर कधी यायचं ते शेठ मागून ओरडून सांगत राहिले. त्यानं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी दूध निवलं. सोमनाथ टेबलाशी बसला होता. आता ही जिन्यात जाईल आणि हाक मारील, म्हणून तो कान देऊन होता. पोरगी गच्चीवर एकटीच काहीतरी गुणगुणत होती, इथपर्यंत ऐकू येत होतं.

निकितानं हाक मारली नाही. ती पदर खोचून जिना चढून वर गेली, पोरीला हाताला धरलं आणि खाली घेऊन आली.